माणसं काढायची आहेत, नोकरी सोडू का?

वाचकाचं पत्र :
सर, मी मिरजेत एका पतसंस्थेत काउंटरला बसतो. वय २८. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्हीला ‘ए’ ग्रेड होती, पण घरच्यांनी बी.कॉम.ला घातलं. गेली काही वर्षं मी फक्त माणसंच काढतोय. रांगेतली, एसटी स्टँडवरची, दवाखान्याबाहेर डबा घेऊन बसलेली. आता तैलरंगात मोठं काम करावंसं वाटतं. नोकरी सोडून पेंटिंगचा चार वर्षांचा कोर्स करू का? मित्र म्हणतो, चित्रकार अमृता शेर-गिल २८ व्या वर्षी गेली, तोवर तिचं सगळं करून झालं होतं, तू आता कुठं निघालास? एका प्रदर्शनात एका चित्रकारांनी माझी वही चाळली आणि सांगितलं की हात बरा आहे, पण फिगरेटिव्ह, म्हणजे ओळखू येणारी माणसं असलेली चित्रं, आता कोण बघतं? अमूर्त कर, नाहीतर घागरी घेतलेल्या बायका काढ, त्या तरी खपतील. आणखी एक, काउंटरवर बसून खातेदारांची चित्रं काढणं बरोबर आहे का? साहेबांनी एकदा वही उघडून पाहिली आणि काही न बोलता जागेवर ठेवली. मला ‘अहो’ म्हणू नका.
— मिरजेचा एक कारकून

प्रिय मिरजकर,

नोकरी सोडू नकोस. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. ‘पोटापाण्याचं बघ’ असं सांगायला घरात माणसं असतातच, त्यासाठी मला पत्र लिहायची गरज नव्हती. माझं कारण वेगळं आहे. तुला जी माणसं काढायची आहेत ती रोज सकाळी दहा वाजता तुझ्यासमोर येऊन उभी राहतात. कॉलेजात गेलास तर तुला एक मॉडेल मिळेल, स्टुलावर बसलेलं, मागे पडदा सोडलेला. त्याचीही गरज आहेच, त्याबद्दल पुढे बोलतो. पण तुझ्याकडे आत्ता जे आहे ते सोडून तिकडे जायचं म्हणजे विहीर बुजवून नळाची वाट बघण्यासारखं होईल.

चित्रकार सुधीर पटवर्धनांचं नाव तू ऐकलं असशीलच. त्यांची कारकीर्द तुझ्यासारख्या माणसाने नीट समजून घ्यावी अशी आहे. १९४९ साली पुण्यात जन्म. शिक्षण वैद्यकीय, पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, १९७२ मध्ये पदवी. पुढच्या वर्षी मुंबईला आले आणि १९७५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे तब्बल तीस वर्षं, ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं. पूर्ण वेळ चित्रकार झाले ते त्यानंतर. चित्रकलेची पदवी नाही. पहिलं एकल प्रदर्शन १९७९ मध्ये, दिल्लीच्या ‘आर्ट हेरिटेज’मध्ये. तेव्हा ते तीस वर्षांचे होते. म्हणजे तुझ्या मित्राच्या हिशेबाने त्यांनाही उशीरच झाला म्हणायचा!

पण या तारखांपेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्या तीस वर्षांत त्यांच्या चित्रातला माणूस कसा बदलत गेला हे. सुरुवातीला एकेकटी माणसं दिसतात. १९७७ चं ‘इराणी रेस्टॉरंट’ घे. बसलेला माणूस, आणि त्या बसण्याला वजन आहे. चेहरा कुणासारखा दिसतो हा प्रश्नच आपल्या मनात येत नाही. हा दमलेला आहे, याचे खांदे कुठून तरी काहीतरी उचलून आलेत, हे आधी कळतं. मग गर्दी येते. १९८१ चं ‘अॅक्सिडेंट ऑन मे डे’. कामगार दिन आणि अपघात एकाच चौकटीत. मग १९८४ च्या ‘टाउन’सारख्या चित्रात गावच्या गाव येतं, रस्ते, चाळी, माणसं, आणि बघणाऱ्याचा डोळा एका जागी न राहता त्यातून हिंडायला लागतो. पुढे ठाण्याच्या पोखरण रोडच्या परिसरावरची चित्रं, २००१ चं ‘लोअर परळ’, गिरण्या बंद पडल्यानंतर रूप बदलत चाललेली मुंबई. मधल्या काळात १९९२-९३ च्या दंगली होऊन गेल्या, त्यांची सावलीही कामावर पडली. एकटा माणूस, मग माणसांचा घोळका, मग माणसांसकट शहर. हा क्रम कुठल्या अभ्यासक्रमात लिहिलेला नसतो. ठाणे-मुंबईत राहून, रोज त्याच रस्त्यांवरून जाऊन तो आपोआप उलगडत जातो.

आता यातली एक गफलत टाळ. ‘स्वयंशिक्षित’ म्हटलं की आपल्याकडे लोक समजतात, कुणी शिकवलं नाही म्हणजे शिकलाच नाही, देवाची देणगी वगैरे. डॉक्टरला शरीररचना कळते हे खरं, पण शवविच्छेदन केलेला प्रत्येक डॉक्टर चित्रकार होत नाही. जुन्या-नव्या युरोपीय चित्रांचा अभ्यास, डाव्या विचारांशी झटापट, मित्रांशी वाद, आणि रोजचं काम, एवढं सगळं त्या ‘स्वयं’मध्ये भरलेलं आहे. मित्र हा शब्द मी उगाच लिहिला नाही. त्याच काळात मुंबईत गीव्ह पटेल होते, तेही पेशाने डॉक्टर, मुंबई सेंट्रलला दवाखाना चालवायचे, कविता आणि नाटकं लिहायचे आणि चित्रं काढायचे. अशी माणसं आजूबाजूला असली की पदवी नसल्याची उणीव बरीच भरून निघते.

आणि हेही ध्यानात ठेव की रेडिओलॉजिस्टची प्राप्ती आणि पतसंस्थेतल्या कारकुनाचा पगार यांत फरक आहे. ठाणे-मुंबईत गॅलऱ्या होत्या, समीक्षक होते. मिरजेत ते नाहीत. म्हणून त्यांच्या आयुष्याची नक्कल करू नकोस. त्यातून एवढंच उचल की दिवसाचा पेशा हा चित्रकाराचा शत्रू असलाच पाहिजे असं नाही.

दुसरं उदाहरण तुला अधिक जवळचं वाटेल, कारण ते हिशेबनिसाचं आहे. भूपेन खख्खर, जन्म १९३४, मुंबईचा. चार्टर्ड अकाउंटंट. १९६२ मध्ये बडोद्याला गेले, तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलासमीक्षेच्या वर्गात नाव घातलं, आणि उपजीविकेसाठी हिशेब लिहिणं पुढेही बरीच वर्षं चालू ठेवलं. सत्तरच्या दशकात त्यांनी काय काढलं? न्हावी, शिंपी, घड्याळदुरुस्तीवाला. १९७२ चं ‘जनता वॉच रिपेअरिंग’ बघ. ज्या लोकांकडे तोपर्यंतच्या आधुनिक भारतीय चित्रकलेने वळूनही पाहिलं नव्हतं, ते लोक आपापल्या दुकानासकट कॅनव्हासवर आले. मजा म्हणजे खख्खरांच्या माणसांची अॅनाटॉमी लाइफ क्लासच्या, म्हणजे जिवंत मॉडेल समोर बसवून शिकवणाऱ्या वर्गाच्या, मोजपट्टीने तपासली तर नापास होईल. हात ताठ, मान अवघडलेली. त्यांनी कॅलेंडरं, देवादिकांच्या छापील तसबिरी, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली ‘कंपनी शैली’ची जुनी चित्रं पाहिली आणि आपला कच्चा हात लपवण्याऐवजी त्याचीच भाषा केली. सगळ्यांना हे जमत नाही. तुलाही जमेल असं मी म्हणत नाही, कारण तुझा कल निरीक्षणाकडे दिसतो. पण एका बाजूला पटवर्धन आणि दुसऱ्या बाजूला खख्खर ठेवले की कळतं, हुबेहूब हात हा फिगरेटिव्ह चित्रकाराचा एकमेव परवाना नव्हे.

तुझी वही पाहणाऱ्या त्या चित्रकारांना नमस्कार कर आणि त्यांचा सल्ला तिथेच सोडून दे. ‘फिगरेटिव्ह आता कोण बघतं’ हे वाक्य पन्नास वर्षं जुनं आहे. साठ-सत्तरच्या दशकात अमूर्ताचा दबदबा असताना हेच बोललं जायचं. त्याला उत्तर म्हणून १९८१ मध्ये मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत आणि दिल्लीतही ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन झालं. खख्खर, गुलाम मोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि पटवर्धन असे सहा जण होते, समीक्षक गीता कपूर यांनी त्यावर लिहिलं. त्यानंतर माणूस भारतीय चित्रातून पुन्हा बाहेर गेलेला नाही. २०१९ च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात पटवर्धनांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं तेव्हा ठाण्या-कल्याणची माणसं आपलीच लोकल, आपलेच पूल बघत उभी होती. अमूर्त चित्रं मलाही आवडतात. पण खपावं म्हणून अमूर्त करणारा माणूस मी अजून सुखी झालेला पाहिलेला नाही.

घागरीवाल्या बायकांबद्दल मात्र दोन शब्द जास्त बोलतो, कारण हा आपल्या भागातला जुना रोग आहे. कोल्हापूरने आपल्याला आबालाल रहिमान, बाबुराव पेंटर यांच्यासारखे चित्रकार दिले, व्यक्तिचित्रणाची अशी परंपरा दिली की आजही आपल्याकडे लोकांसमोर व्यक्तिचित्र काढून दाखवायचा डेमो म्हटलं की गर्दी होते. दोन तासांत समोरच्याचं हुबेहूब डोकं उभं करणारे हात या पट्ट्यात आहेत आणि त्यांचं मला अपार कौतुक आहे. पण त्याच परंपरेचा गाळ म्हणजे त्या घागरी, ते फेटे, ती सुरकुतलेली म्हातारी आणि तिच्या नाकातली नथ. आज मिरज तालुक्यातली बाई प्लास्टिकची कळशी नळाखाली ठेवून हातातल्या मोबाइलवर बोलत असते. ती काढ ना! ती कुणी काढलीय?

आता अमृता शेर-गिल. तुझ्या मित्राने नाव बरोबर घेतलं, अर्थ उलटा लावला. तिला मिळालं तसं शिक्षण त्या काळात फार कमी भारतीयांना मिळालं. सोळाव्या वर्षी पॅरिस, तिथलं एकोल दे बोझार हे कलाविद्यालय, चित्रकार ल्यूसियाँ सिमाँ यांचा वर्ग. १९३२ च्या ‘यंग गर्ल्स’वर तिथे तिला मानही मिळाला. १९३४ च्या अखेरीस ती भारतात आली आणि थोड्याच काळात तिला उमगलं की पॅरिसचा हात इथल्या माणसांना पुरत नाही. मग ती अजिंठ्याला गेली, दक्षिणेत फिरली, आणि १९३७ मध्ये ‘ब्रह्मचारी’, ‘ब्राइड्स टॉयलेट’ ही चित्रं आली. आकार साधे झाले, रंग सपाट आणि खोल झाले, माणसं स्तब्ध झाली. म्हणजे उत्तम शिक्षण घेतल्यावर तिने पुन्हा शिकायला सुरुवात केली, तीही आपल्या अजिंठ्याच्या भिंतींसमोर. मिरजेहून छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीच्या औरंगाबादला) रात्रीची गाडी पकडून जाता येतं. मित्रालाही ने. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात घाईघाईत पद्मपाणीचा फोटो काढून परत फिरू नका. गर्दीच्या प्रसंगांसमोर थांबा, एकामागे एक अशी किती माणसं बसवलीत आणि तरी कुणी कुणाला गिळत नाही, ते बघा.

शिक्षणाचं म्हणशील, तर ते हवंच. लाइफ क्लासला पर्याय नाही. पण लाइफ क्लास म्हणजे कॉलेजच असंही नाही. आपलं मुंबईचं जे.जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं आणि तिथे सजीव मॉडेलवरून अभ्यासाचा रीतसर वर्ग आला तो तिथले तेव्हाचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, १९२० च्या सुमारास. त्याआधीची पिढी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून आणि रस्त्यावरच्या माणसांवरून शिकली. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये जे.जे.त गेले, पुढे तिथेच संचालकपदापर्यंत पोचले. त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोस्टकार्डांसाठी काढलेली मुंबईची माणसं मिळवून बघ. पाणक्या, कोळीण, पोलीस, हातगाडीवाला, प्रत्येकाचं उभं राहणं वेगळं. ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचं आत्मचरित्र जुन्या ग्रंथालयात सापडलं तर जरूर वाच. शिकण्याचा आणि शिकवण्याचा एवढा तपशील मराठीत दुसरीकडे फारसा नाही.

तुझ्यापुरतं काय करायचं ते सांगतो. सांगली-कोल्हापुरात चित्रकलेची महाविद्यालयं आहेत, तिथे शिकणारी आणि शिकवणारी मंडळी आहेत. चौघं-पाच जण जमवा. रविवारी एक खोली, उत्तरेचा उजेड असेल तर फारच छान. मॉडेल म्हणून मार्केट यार्डातला हमाल, निवृत्त शिक्षक, भाजीवाली मावशी, कुणीही चालेल, पण अर्ध्या दिवसाचा रोजगार मोजून द्यायचा, चहावर भागवायचं नाही. पहिला तास फक्त दोन-दोन मिनिटांच्या पोझ. चारकोल घे, पेन्सिल नको. पेन्सिल हातात आली की तू डोळ्यांच्या पापण्या काढत बसशील. दोन मिनिटांत शोधायचं एवढंच की वजन कुठल्या पायावर आहे. उभा माणूस एका पायावर भार देतो तेव्हा त्या बाजूचं कंबरेचं हाड वर येतं आणि खांदा खाली झुकतो. ही एक गोष्ट हातात मुरली की निम्मं काम झालं. मग एक लांब पोझ, तीन-चार रविवार तीच. त्यात घाई करायची नाही. अॅनाटॉमीचं पुस्तक घे पण स्नायूंची नावं घोकू नकोस. गळ्याखालचं हाड, बरगड्यांचा पिंजरा, कंबर, गुडघा, मनगट, ही हाडं कपड्याखाली कुठे आहेत ते कळलं तरी पुष्कळ.

आणि रोज रात्री, वही न उघडता, दिवसभरात पाहिलेला एक माणूस आठवून काढ. सुरुवातीला फार वाईट येईल. पण आठवणीतून काढताना जे उरतं तेच तुला खरं दिसलेलं असतं.

मोबाइलच्या फोटोवरून मोठं चित्र करायचा मोह आवर. जवळून काढलेल्या फोटोत नाक आणि पुढे केलेला हात फुगतो, सावल्या काळ्या ठिक्कर होतात, आणि आपण ती भिंगाची चूक इमानेइतबारे कॅनव्हासवर उतरवतो. साडीचा काठ किंवा एसटीचा दांडा कसा असतो हे तपासायला फोटो ठीक आहे.

खरी परीक्षा पुढे आहे, आणि कॉलेजातही ती कुणी नीट शिकवत नाही : दोन माणसं एका चौकटीत कशी ठेवायची. तुझ्या वहीत सुटी माणसं असणार, प्रत्येक पानावर एक. मोठ्या चित्रात ती एकमेकांशेजारी आली की सगळी कोरडी पडतात, जणू एसटीत अनोळखी. म्हणून थेट कॅनव्हासला हात घालू नकोस. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर वीस-पंचवीस कच्चे आराखडे कर, काळा, राखाडी, पांढरा एवढ्यावरच. माणसांमधली रिकामी जागा बघ. तुझ्याकडे एक दृष्टिकोन असा आहे जो दुसऱ्या कुणाकडे नाही : काचेच्या आतून बाहेर. समोरच्याचा अर्धा चेहरा काचेमागे, झरोक्यातून आत आलेला हात, हातात पासबुक, मागे पिग्मी एजंट घाम पुसतोय, त्यामागे दार आणि दारातून येणारा रणरणता उजेड. पहिलं तैलचित्र हेच कर. अडीच बाय तीन फुटांच्या वर जाऊ नकोस, नाहीतर रंगाचा खर्च बघूनच हात आखडेल. आणि टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी ठेव, घरात लहान मूल असेल तर गच्चीवर जा.

कोर्सचं दार मी बंद करत नाही. तिथे तुला मुद्राचित्रणाचा (प्रिंटमेकिंगचा) स्टुडिओ मिळेल, ग्रंथालय मिळेल, अठरा वर्षांची पोरं तुझ्या चित्राला तोंडावर नावं ठेवतील, हा फायदा मोठा आहे. पण मोठी चित्रं करून झाल्यावर, अमुक एक गोष्ट मला येत नाही हे बोट ठेवून सांगता आलं, तर त्या गोष्टीसाठी जा. आत्ता तुला फक्त ‘आपल्याकडे पदवी नाही’ एवढीच खंत आहे आणि तिच्यावर चार वर्षं घालवू नयेत. दरम्यान बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाचे आणि राज्य कला प्रदर्शनाचे अर्ज निघाले की पात्रतेच्या अटी वाचून भरत जा. ‘जहांगीर’मध्ये प्रदर्शनाची तारीख मिळण्याच्या रांगेचा विचार आज करू नकोस, ती फार लांब असते.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, आणि तो विचारलास म्हणून मला तुझ्याबद्दल आशा वाटते. लोकांना न विचारता काढावं का? भर रस्त्यावर, स्टँडवर काढायला हरकत नाही, कुणी पाहिलं तर वही पुढे करायची, हसायचं. बहुतेक जण ‘माझं नाक एवढं मोठं आहे का’ विचारतात आणि बसून राहतात. दवाखान्याबाहेर मात्र जपून. तिथला माणूस अशा घटकेला असतो की त्याला नाही म्हणायचंही सुचत नाही. तिथे पाहा, आणि घरी येऊन आठवणीतून काढ, ओळख पटणार नाही असं. काउंटरवर नियम आणखी कडक. तू तिथे संस्थेचा माणूस म्हणून बसलेला आहेस, खातेदार तुझ्यासमोर त्याच्या पैशाची अडचण घेऊन आलेला आहे. कामाच्या वेळेत वही बंद. जेवणाच्या सुट्टीत काढ. नाव, खाते क्रमांक, शिल्लक, कर्जाचा कागद यातलं काहीही चित्रात वाचता येता कामा नये. आणि कर्जाचा हप्ता थकल्यामुळे मान खाली घालून उभा असलेला माणूस तू काढलास, तर ते चित्र त्याच्या शेजाऱ्याने मिरजेतल्या प्रदर्शनात पाहिलं तर काय होईल, हे आधी स्वतःला विचार. चेहरा बदल, कपडे बदल, उभं राहणं ठेव. कामगारांना बघणारा मध्यमवर्गीय चित्रकार नेमका कुठे उभा आहे, हा प्रश्न पटवर्धनांच्या कामात पहिल्यापासून आहे. तुझ्या बाबतीत तर मध्ये चक्क काच आहे.

साहेबांशी बोलून घे. चोरून काढण्यापेक्षा ते बरं. वही त्यांनी फेकली नाही, जागेवर ठेवली, म्हणजे माणूस वाईट दिसत नाही. एखाद्या रविवारी त्यांनाच मॉडेल म्हणून बसायला बोलव. अर्थात त्यांनाही रोजगार देऊ करायचा, घेतील की नाही ते त्यांचं ते बघतील.